ग्रहण सुटायच्या आधी

हलत नव्हतं. सकाळपासून एकदासुद्धा नाही. मी पोटावर हात ठेवून बसले होते, उजवीकडून दाबून बघत होते, डावीकडून बघत होते, हळूच हाका मारत होते, आणि आत काही नाही, भिजवून ठेवलेल्या कणकेवर हात ठेवावा तसं. डोकं असं ठणकत होतं की डोळे उघडले की समोर चमचम चमचम, फुलबाजी लावल्यासारखी, आणि खोलीत तर अंधार. खिडकी नाही, दाराला आतून कडी, आणि दाराला पाठ लावून आई बसलेल्या, हातात माळ.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. बाहेर सूर्याला ग्रहण लागलेलं होतं आणि मला आठवा महिना होता.

*

आमच्या घरात माझ्याशी कुणी वाईट नाही, हे आधीच सांगते, नाहीतर वाचणारा आईंनाच राक्षसीण समजेल. आमचं घर बनारसला, ब्रह्मा घाटाच्या वरच्या गलीत. मामंजी आणि हे दोघं यजमानांची कामं करतात, महाराष्ट्रातून लोक येतात त्यांची पूजा, श्राद्धं. ग्रहण म्हटलं की घाटावर पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी दोघं अंधार असतानाच यजमानांना घेऊन खाली गेले होते. घरात आई आणि मी.

आमच्याकडे नियम आहेत. गरोदर बाईनं ग्रहणात काही चिरायचं नाही, शिवायचं नाही, आडवं व्हायचं नाही, खायचं-प्यायचं नाही, बाथरूमला पण जायचं नाही, एका जागी बसून नाव घ्यायचं. आणि ग्रहणाची सावली तर पोटावर पडूच द्यायची नाही, नाहीतर मूल फाटक्या ओठाचं होतं. मामंजींनी पंचांग बघून सांगितलं होतं की गरोदर बाईला वेध कमी असतात, तिनं सकाळी खाल्लं तरी चालतं, म्हणून आईंनी पहाटे उठून मला दूध-पोहे दिले. पाण्याच्या घागरीत दर्भ टाकला. समोरच्या यादव भाभी येऊन माझ्या पोटावर गेरू लावून गेल्या, त्यांच्यात तसं करतात, त्याच्यावर आईंनी काळी शाल गुंडाळली. म्हणजे दोन्ही घरांनी मिळून माझं पोट अगदी पक्कं बंद केलं होतं.

चूक तिथे नाही झाली. चूक आधीपासून होत होती, रोज थोडी थोडी, आणि कुणालाच ती चूक वाटत नव्हती, मला पण नाही. पाय सुजले तर म्हणाले पहिलटकरणीचे सुजतातच. तोंड सुजलं तर म्हणाले किती छान भरलीयेस, मुलगी होणार. अंगठी निघेना तर साबण लावला. डोकं दुखायला लागलं तर पित्त, आलं-लिंबू दिलं. अस्पतालात दाखवायची तारीख होती, पण आठव्यात घराबाहेर पाऊल टाकायचं नाही म्हणून ती राहिली. सगळ्याला उत्तर होतं. बाळ हलत नव्हतं त्यालापण होतं. आई म्हणाल्या, ग्रहणात पोटातलं बाळसुद्धा गप्प बसून नाव घेतं.

मी थोडा वेळ ते मानलं. खरंच मानलं. मग मला उलटी झाली, आणि बरगडीच्या खाली असं दुखलं जसं कुणी आतून गुडघा रोवलाय, आणि मला दम लागायला लागला बसल्या बसल्याच. मी ह्यांना फोन लावला. तो शेजारच्या खोलीत देवाजवळ वाजला. गंगेत उभं राहून जप करायला कोण फोन घेऊन जातं.

मी म्हटलं, "आई, दार उघडा. मला अस्पतालात जायचंय."

"सुटू दे ग ग्रहण. सुटलं की मी स्वतः नेते तुला. थोडंच राहिलंय."

थोडं नव्हतं राहिलं. अर्धंसुद्धा झालं नव्हतं, हे त्यांना पण माहीत होतं आणि मला पण.

मी भांडले नाही. भांडायला सांस नव्हती. मी सरकत सरकत त्यांच्याजवळ गेले, त्यांच्या हातातली माळ काढून बाजूला ठेवली, असं मी कधी करायची हिम्मत केली नसती, आणि तो हात शालीच्या आत माझ्या पोटावर ठेवला. म्हटलं, तुम्ही सांगा. हललं तर मी इथेच बसते, सुटेपर्यंत, एक शब्द बोलणार नाही.

त्या बसल्या. हात ठेवून. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी हात थोडा इकडे केला, थोडा तिकडे, मग दुसरा पण ठेवला. चार लेकरं वाढवलेला हात आहे तो, त्याला कुणी फसवू शकत नाही. बराच वेळ झाला. मग त्या उठल्या, कडी काढली, आणि खुंटीवरची छत्री घेतली.

"चल," म्हणाल्या. "पण वर बघू नकोस."

*

आमच्या गलीत गाडी येत नाही. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला दाराच्या पायरीवर चढावं लागतं. मोठ्या रस्त्यापर्यंत चालायचं तर मी भिंत धरून चार पावलं टाकली आणि बसलेच. भाभींनी खिडकीतून बघितलं. "का भयल दुलहिन?" मी नुसतं पोटाकडे बोट केलं. भाभींनी आत जाऊन यादव भैयांना उठवलं. ते दूध वाटतात, सकाळचं वाटून झोपले होते. भाभींनीच मोटरसायकलचे दुधाचे डबे सोडून दारात ठेवले, एकावर एक धडाधड.

मी मध्ये, मागे आई. आई जन्मात मोटरसायकलवर बसल्या नव्हत्या. एका हातानं त्यांनी मला कमरेशी आवळलं आणि दुसऱ्या हातानं उघडी छत्री माझ्या पोटावर धरली. भैया म्हणाले, "माताजी, छाता बंद कर लीजिए, गली में अटकेगा." आई म्हणाल्या, "छाता बंद नहीं होगा. आप चलाइए."

ती अटकलीच. प्रत्येक वळणावर भिंतीला घासायची, एक काडी मोडून लोंबायला लागली. दुकानं बंद, देवळांची दारं बंद, आणि गली भरून लोक घाटाकडे चाललेले, आम्ही तिघंच उलट्या दिशेनं. एक जण पान खात खात म्हणाला, अरे माताजी, बारिश कहाँ हो रही है? आईंनी त्याच्याकडे बघितलंच नाही. मला तेव्हासुद्धा हसू आलं आणि हसल्यावर बरगडीत कळ आली. मी भैयांच्या शर्टाला धरून एकच म्हणत होते, हल बाई, एकदा हल, नुसतं एकदा.

*

सरकारी अस्पतालात हातात पट्टा बांधला, हवा भरली, आणि ती सिस्टर पट्टा न सोडताच कुणाला तरी जोरात हाक मारायला लागली. तिथेच मला कळलं. माझ्या बीपीचा आकडा किती होता तो मी नाही सांगत, मला त्यातलं कळत पण नाही, पण डाक्टर मॅडमनी आकडा बघून आधी माझ्या सुजलेल्या पायांकडे बघितलं आणि मग आईंकडे, आणि विचारलं की इतके दिवस काय करत होता. कधीपासून डोकं दुखतंय, चमकतंय कधीपासून. झटके येऊ शकतात म्हणाल्या. मग पोटावर यंत्र लावलं आणि आवाज आला. ठक. मग थांबून थांबून, ठक.

मी रडले. होतं ना आत. होतं.

पण मॅडमचं तोंड तसं नव्हतं. त्या म्हणाल्या ठोके फार कमी आहेत, आत्ताच्या आत्ता पोट उघडून काढावं लागेल.

तुम्ही समजून घ्या. आमच्याकडे ग्रहणात भाजी चिरत नाहीत. सुई हातात घेत नाहीत. आणि ह्या म्हणत होत्या पोट चिरायचं, आत्ता, बाहेर सूर्य अर्धा झाकलेला असताना. आईंनी हात जोडले. आईंना मी कुणासमोर हात जोडताना कधी बघितलं नव्हतं, देवाशिवाय. "ग्रहण छूटने तक रुक जाइए. तब तक चाकू मत लगाइए."

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "रुक सकती तो रुक जाती, माताजी. मैं भी यहीं की हूँ."

मी विचारलं वाचेल का. त्या म्हणाल्या, आत्ता काढलं तर कोशिश करता येईल. नंतर कोशिशपण नाही.

आई मला मराठीत हळू म्हणाल्या, त्याला विचारल्याशिवाय? मामंजींना विचारल्याशिवाय? आणि आठव्यातलं तसंही... त्या तिथेच थांबल्या. आमच्यात म्हणतात सातव्या महिन्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही. ते त्यांना म्हणायचं होतं, पण माझ्यासमोर तोंडातून निघालं नाही.

मला सही येते. मी आठवीपर्यंत शिकलेय. मी म्हटलं, आई, ते गंगेत उभे आहेत आणि पोट माझं आहे. आणि सही केली, नाव पूर्ण पण नीट आलं नाही.

आत नेल्यावर तिथली सिस्टर माझ्या पोटावरचा गेरू कापसानं घासत होती आणि पुटपुटत होती की काय काय लेपून आणतात. लाल लाल पाणी दोन्ही बाजूंनी खाली चाललं होतं. कमरेखाली सगळं सुन्न झालेलं, पण मी जागी होते. पडद्याच्या पलीकडे खेचाखेच कळत होती, दुखत नव्हतं. मग कुणीतरी म्हणालं, लड़की है. आणि मग शांत. रडण्याचा आवाज नाही. मी वाट बघत होते. बाजूच्या टेबलावर दोघीजणी वाकलेल्या, त्यांच्या पाठी दिसत होत्या फक्त. एक पाठ हलत होती, काहीतरी दाबत होती परत परत. मी देवाचं नाव घेतलं नाही. मी मनात म्हणत होते, आले ना मी, तुझ्यासाठी आले ना, आता तू ये.

मग बिजागरी कुरकुरावी तसा बारीक आवाज आला. एकदा. मग परत.

*

त्यानंतर मला एक इंजेक्शन दिलं, झटके येऊ नयेत म्हणून, त्यानं अंगभर अशी आग झाली की मला वाटलं गरम पाणी भरलंय नसांमध्ये. पोरगी नर्सरीत, काचेच्या पेटीत. दीड किलोची पण नाही. मी तिला बघितलंसुद्धा नव्हतं.

शुद्ध नीट आली तेव्हा हे खाटेजवळ उभे होते, केस ओले, धोतर ओलं, घाटावरून तसेच धावत आलेले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं आता सहीचं विचारतील. तर म्हणाले, "घाबरू नकोस. आईनं सांगितलं सगळं. बरं झालं, ग्रहण सुटल्यावर झाली."

मी आईंकडे बघितलं. आई भिंतीकडे बघत होत्या.

बोलावंसं वाटलं. पण मामंजी दाराशी उभे होते, आणि ते म्हणत होते की पोर लक्षणी आहे, गंगेवर सगळं गाव स्नान करून वर येताना जन्मली. ह्यांच्या जिवात जीव आला होता. त्या घटकेला सगळ्यांनी तिला आपली म्हटलं. आईंनी एक वाक्य बोलून तिच्यासाठी घर तयार करून ठेवलं होतं. मी डोळे मिटले आणि गप्प बसले.

*

नर्सरीतले दिवस कुणाला येऊ नयेत, पण आले तर हे ऐका. तिथे सगळ्यात मोठं औषध आपलं अंग आहे. पोरीला कपडे नाही घालायचे, नुसती टोपी आणि लंगोट, आणि उघड्या छातीशी उभी बांधून घ्यायची, वरून शाल. बेडकासारखी चिकटते. सिस्टर सांगायची, हीटर से अच्छा है. दूध हातानं काढून वाटी-चमच्यानं, थेंब थेंब. पहिल्यांदा माझं दूध निघालं ते चमच्याच्या बुडाला पण पुरेना, मी लाजले, तर सिस्टर म्हणाली एवढंच तिचं पोट आहे, लाजतेस काय.

माझं बीपी उतरत नव्हतं, मला फार वेळ बसवत नव्हतं. सिस्टर ह्यांना म्हणाली, तुम्ही बसा. वडिलांची छाती पण चालते. आता आमचं सुवेर चालू होतं, बाळ-बाळंतिणीला शिवायचं नाही, शिवाय चार लोकांसमोर उघड्या अंगानं लेकरू बांधून बसायचं. हे एकदा आईंकडे बघून आले, जानवं पाठीकडे टाकलं आणि बसले. पोरगी छातीवर ठेवल्याबरोबर त्यांनी श्वासच धरला. सिस्टर म्हणाली, पंडितजी, सांस लीजिए, आपको देखके वो भी लेगी. सगळ्या बायका हसल्या. तिथे हसायला फार कमी मिळायचं.

एक दिवस ती पिवळी पडली, निळ्या दिव्याखाली ठेवली, डोळ्यांवर पट्टी. एक दिवस श्वास घ्यायला विसरली, खरंच विसरतात अशी लेकरं, तळपायाला टिचकी मारून आठवण करून द्यावी लागते. मी ठरवलं होतं रडायचं नाही. रडलं की बीपी चढतं, चढलं की मला नर्सरीत सोडत नाहीत. म्हणून मी रडले नाही. एवढं सोपं होतं ते आणि एवढं कठीण.

माझ्या बाजूच्या खाटेवर चंदौलीकडची एक बाई होती, माझ्याच वयाची. तिलापण आठवाच. तिचंपण त्याच दिवशी सकाळी हलणं थांबलं होतं. घरच्यांनी ग्रहण सुटायची वाट बघितली, मग आंघोळी झाल्या, मग गाडी मिळाली, मग घाटावरून परतणारी भीड रस्त्यात. इथे आल्यावर यंत्रात आवाजच नव्हता. मुलगा होता. ती माझ्याकडे दूध काढताना बघत राहायची. तिलापण दूध आलं होतं, तिचं पोलकं भिजायचं. एकदा तिनं मला विचारलं, रागानं नाही, खरंच समजत नसल्यासारखं,

"तुमको आने किसने दिया?"

दुसऱ्या दिवशी तिला नेलं घरी.

*

पोरगी आता पळते. तीन वर्षांची होईल. लवकर जन्मल्यामुळे डोळे कच्चे राहिले, चष्मा आहे, कानामागे रबर लावून बांधतो. ओठ, बोटं, सगळं जिथल्या तिथे. आईंनी पहिल्यांदा तिला हातात घेतलं तेव्हा आधी ओठावर बोट फिरवून बघितलं होतं, आणि मग पदरात तोंड घालून किती वेळ बसल्या. चष्मा लागला तेव्हा कुणी काही बोललं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं की ती ग्रहण सुटल्यावर झाली.

मागच्या महिन्यात आमच्याकडे हळदीकुंकू होतं. आमच्याच भाऊबंदांतली राधिका आली होती, नवीन सून, सातवा संपत आलेला. मी हात धरून तिला बसवलं तर तिच्या बांगड्या मनगटात रुतलेल्या. तोंड सुजलेलं. मी विचारलं डोकं दुखतं का, तर म्हणाली दुखतं ताई, पित्त आहे. आणि पुढच्या पंधरवड्यात ग्रहण होतं. तिला त्याचीच काळजी, एवढा वेळ एका जागी बसवेल का म्हणून. तर तिची सासू सगळ्यांसमोर म्हणाली, "न बसवायला काय झालं? हिच्याकडे बघ. भर आठव्यात, जीव जात होता तरी नाव घेत बसली ग्रहण सुटेपर्यंत. म्हणून तर पोर हाती लागली."

सगळ्या माझ्याकडे बघून हसल्या, कौतुकानं. आई समोरच होत्या, हातात अत्तरदाणी. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान अगदी थोडी हलवली. नको, म्हणून. माझी पोरगी तिथेच चष्मा लावून सगळ्यांच्या हातावरचं अत्तर हुंगत फिरत होती.

मला चंदौलीची ती बाई आठवली. माझ्या नावावर, माझ्या पोरीच्या नावावर ही राधिका खोलीत बसणार होती, दाराला कडी लावून.

मी म्हटलं, "मी थांबले नव्हते. ग्रहण लागलेलं असतानाच मी अस्पतालात गेले, आणि लागलेलं असतानाच माझं पोट चिरलं. थांबले असते तर ही नसती, मी पण नसते. राधिका, तू उद्या माझ्याबरोबर चल, बीपी बघून घेऊ."

एक बाई माझ्या पोरीच्या चष्म्याकडे बघायला लागली, मग दुसरी. मला दिसत होतं त्या काय जोडताहेत ते. राधिकेच्या सासूनं तिला उठवलं आणि दोघी ओटी न घेताच गेल्या. आई त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलतात. म्हणतात, मी पोरीवर पांघरूण घातलं होतं, तू तिची आई असून ते ओढलंस. मामंजींना कळलं. ह्यांनापण कळलं, हे दोन दिवस घाटावरून उशिरा आले, मग एक दिवस पोरीला छातीवर घेऊन झोपले, तेवढंच. गलीत आता कुणी कुणी तिला ग्रहणातली म्हणतं. तिला अजून समजत नाही. समजेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी राधिका एकटीच आली, डोक्यावर पदर घेऊन. आम्ही गेलो. तिला तिथेच ठेवून घेतलं. अजून ठेवलंय. तिचं काय होईल ते मला माहीत नाही, मी डाक्टर नाही. मी एवढंच सांगू शकते की डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे चमकलं, तोंड-हात सुजले, बाळ गप्प झालं, तर दिवस कुठला आहे ते बघू नका, निघा.

पण मला दुसरंच विचारायचंय, आणि खरंच विचारतेय, कारण असं का केलंस म्हणून आईंनी मला विचारलं तेव्हा मला उत्तर नीट देता आलं नाही. आपल्या लेकराच्या अंगावर एक खोटं पांघरूण आहे, ऊबदार आहे, आणि त्याच पांघरुणात दुसऱ्या कुणाचं लेकरू गुदमरणार आहे, हे तुम्हाला डोळ्यांसमोर दिसतंय. तुम्ही काय केलं असतं?